बेरीज आधी, आकडे नंतर

डार्टबोर्डवरची कोडी म्हणजे बेरजेच्या जुन्याच उदाहरणांना घातलेला रंगीत अंगरखा, असं पुष्कळ पालकांना आणि काही शिक्षकांनाही वाटतं. गोल काढायचा, त्यात आकडे भरायचे, तीन डार्ट लागलेले दाखवायचे आणि ‘एकूण गुण किती?’ असं विचारायचं. अशा कोड्यांपुरतं त्यांचं म्हणणं खरंच आहे. १७, ५ आणि ९ यांची बेरीज वहीत केली काय किंवा गोलात केली काय, डोक्याला पडणारं काम तेच. बोर्डाचा उपयोग सुरू होतो तो प्रश्न उलटा केल्यावर. बेरीज आपण सांगायची आणि आकडे मुलाने शोधायचे.

समजा, एकात एक अशी चार वर्तुळं आहेत आणि त्यांचे गुण १, ३, ५ आणि ९ आहेत. तीन डार्ट मारायचे, तिन्ही लागले पाहिजेत आणि बेरीज १५ व्हायला हवी. एक ९ घेतला तर उरलेल्या दोन डार्टांत ६ करायचे; ते १ आणि ५ किंवा ३ आणि ३ असे होतात. ९ घेतलाच नाही तर तीनदा ५. या तीन उत्तरांपर्यंत पोचताना फसलेल्या वाटांवरही बेरजाच होत असतात, आणि ‘अजून किती हवेत?’ हा वजाबाकीचा प्रश्न कुणी न विचारता आत शिरतो. नेहमीच्या उदाहरणात एक क्रिया केली की काम संपतं. इथे संख्या फोडायची, जुळवून बघायची, नाही जुळली तर सोडून द्यायची. तोंडी हिशोबात तरबेज असलेली माणसं दुसरं काय करतात? ८ मध्ये ७ मिळवताना ७ मधले २ काढून आधी १० पुरे करतात. ५७ मध्ये १९ मिळवायचे तर २० मिळवून १ काढतात.

दुसरा गैरसमज आपल्या पाठ्यपुस्तकी सवयीतून आलेला आहे: प्रत्येक कोड्याला उत्तर असतंच, आणि तेही एकच. वरच्याच बोर्डावर तीन डार्टांत १४ मागून बघा. होणार नाहीत, कारण सगळे आकडे विषम आहेत आणि तीन विषम संख्यांची बेरीज विषमच येते. न सुटणारं कोडं देणं ही मुलांची फसवणूक आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. ‘होत नाही’ हेही उत्तर चालेल, मात्र कारण सांगावं लागेल, एवढं आधी सांगितलं असेल तर फसवणूक कसली? आता नियम जरा सैल करू. एखादा डार्ट हुकला तरी चालेल, त्याचे गुण शून्य. १४ लगेच होतात: ९, ५ आणि हुकलेला एक. १६ मात्र अजूनही होत नाहीत. सम बेरजेसाठी दोनच डार्ट लागले पाहिजेत, ९ सोबत ७ हवेत, आणि ७ बोर्डावर नाहीत. ९ न घेता तर दोन डार्टांत १० च्या वर जाताच येत नाही. एकाच बोर्डावर ‘अशक्य’ची दोन निरनिराळी कारणं मिळाली. थोड्या मोठ्या मुलांना फक्त ५ आणि ९ चा बोर्ड द्यावा आणि डार्ट हवे तितके. न जमणारी सर्वांत मोठी बेरीज ३१ निघते. ३२ ते ३६ हे पाचही आकडे जमतात, आणि एकदा पाच सलग आकडे जमले की प्रत्येकात ५ मिळवत पुढचे सगळे जमतात.

खऱ्या बोर्डाबद्दलचा समज असा, की हा बेरजेचा खेळ आहे. ब्रिटनच्या पबांमध्ये रुजलेल्या या खेळाचा सर्वांत परिचित प्रकार ५०१ पासून खाली उतरत शून्यावर येतो. प्रत्येक पाळीच्या तीन डार्टांची बेरीज उरलेल्या गुणांतून वजा करायची. शेवटचा डार्ट दुपटीच्या पट्टीत किंवा मधल्या ५० मध्येच लागावा लागतो, त्यामुळे १७० उरले तर तीन डार्टांत खेळ संपवता येतो (तिपटीच्या पट्टीतल्या २० चे ६०, पुन्हा ६०, मग मधले ५०), पण १६९ उरले तर नाही. लहान मुलांना लगेच इतकं नको. त्यांच्यासाठी बोर्डाच्या मांडणीतच भरपूर काम आहे. वरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आकडे असे येतात: २०, १, १८, ४, १३, ६, १०, १५, २, १७, ३, १९, ७, १६, ८, ११, १४, ९, १२, ५. मोठ्याच्या शेजारी लहान बसवल्यामुळे नेम जरा ढळला की भुर्दंड. आता विचारावं: शेजारशेजारच्या कोणत्या तीन कप्प्यांची बेरीज सर्वांत जास्त? बहुतेकांची नजर आधी २० कडे जाईल, पण ५, २० आणि १ मिळून २६ च होतात. उत्तर आहे १९, ७ आणि १६, म्हणजे ४२. वीस बेरजा नव्याने करायची गरज नाही. २०, १, १८ चे ३९ झाले असतील तर पुढच्या तिघांसाठी २० काढून ४ घालायचे: २३. ही युक्ती सापडायला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा. ताळाही आपोआप मिळतो: विसाही बेरजा एकत्र केल्या तर ६३० आले पाहिजेत, कारण १ ते २० ची बेरीज २१० आणि प्रत्येक आकडा तीनदा मोजला गेलेला.

म्हणूनच घड्याळ लावून ही कोडी सोडवून घेणं मला मान्य नाही. घाईत मूल हाताशी असलेली वाट धरतं, मग ती बोटं मोजायची का असेना. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत वेग लागतो, हे खरं. पण तो येतो लहान बेरजा आणि पाढे पक्के असल्यामुळे, आणि त्यांचा सराव वेगळा करता येतो. बोर्ड आणि टोकदार डार्टही विकत आणायला नकोत, कागद-पेन्सिल पुरते. उलट प्रत्यक्ष फेकताना आकडा नेमच ठरवतो, निवडीचा विचार बाजूला पडतो.

या कोड्यांकडून किती अपेक्षा ठेवायची, यालाही मर्यादा आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या शाळापूर्व वयाच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १ ते १० आकड्यांची घरं सरळ रेषेत मांडलेल्या पटावर खेळून मुलांची संख्यांची समज वाढली. तीच घरं गोलात मांडल्यावर वाढली नाही. तेव्हा लहान-मोठी संख्या ओळखायला शिकवण्यासाठी डार्टबोर्ड घेऊ नये. ती ओळख झाल्यानंतरचं हे साधन आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खेळातलं गणित खेळातच राहतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. नुसत्या आकड्यांच्या शालेय उदाहरणांत हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांबाबत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये अशीच दरी दाखवली, आणि शाळेतल्या मुलांना बाजारातले हिशोब अवघड जातात, हेही. डार्टबोर्ड या नियमाला अपवाद असेल असं मानायला आधार नाही. म्हणून गोलातलं कोडं सुटलं की तेच गोलाशिवाय मांडावं: ९ अधिक किती अधिक किती बरोबर १५? मग वर्तुळांऐवजी १, २, ५ आणि १० रुपयांची नाणी घ्यावीत. तीन नाण्यांत १४ होतात (१०, २, २) आणि १६ सुद्धा (१०, ५, १). मघाशी अडलेलं आता का जमलं, ते मुलाने सांगायचं.