यकृताच्या शिरा आणि भिंतीचा दाह

आपल्या बुरहानपूरच्या कुंडी भंडाऱ्यात भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर चढतात. वाट अरुंद झाली की पाणी मागे तुंबते. यकृताचेही तसेच आहे. त्यातील रक्त प्रामुख्याने तीन शिरांवाटे हृदयाकडे जाते. तेथे गुठळी झाली, तर यकृत सुजते आणि जलोदर होतो. जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये व हान्स कियारी यांनी १८९९ मध्ये वर्णिलेला हा विकार होय.

पुष्कळदा दोष रक्ताच्या गोठण्यात असतो. मुंबईतील संशोधकांनी २००१ मध्ये त्यामागील आनुवंशिक कारणे मांडली. परंतु इस्तंबूलच्या हुलुसी बेहचेत यांनी १९३७ मध्ये वर्णिलेल्या व्याधीत शिरेच्या भिंतीलाच दाह होतो व तेथे गुठळी धरते. अशा वेळी केवळ रक्त पातळ करणारी औषधे पुरी पडत नाहीत. स्टेरॉइडसारख्या औषधांनी दाह शमवावा लागतो.

जलोदर दिसताच आपल्याकडे दारूचा संशय घेतला जातो. माझे आग्रहाचे सांगणे असे की, तरुण रुग्णाला आधी विचारावे : वारंवार तोंड येते काय? जननेंद्रियावर व्रण होतात काय? डोळे लाल होऊन दुखतात काय? या तीन प्रश्नांना पैसा लागत नाही. त्यांनी निदानाची वाट मात्र वेळेवर मोकळी होऊ शकते.