गाजर गवत पहिल्यांदा ओळखले कोणी?

बावधनमध्ये इमारतीचा पाया खणला, रस्त्यासाठी टेकडीची कड कापली किंवा रामनदीच्या काठी राडारोडा टाकला, की दोन-चार पावसांत त्या उघड्या मातीवर काय उगवणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गाजरासारखी कातरलेली पाने, माणसाच्या कंबरेपर्यंत उंची आणि शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके: गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला गेला, त्या सुमारास या भागात किती माती हलली हे इथल्या रहिवाशांनी पाहिले आहे, आणि हलवलेली माती हेच या वनस्पतीचे आवडते घर. आज शाळकरी मुलालाही ती ओळखता येते. पण सत्तर वर्षांपूर्वी ती पुण्यात दिसली तेव्हा तिला हाक मारायला इथे नाव नव्हते. १९५५ च्या सुमारास पुण्यातल्या उकिरड्यांवर वाढणारे हे अनोळखी झाड आर. शेषगिरी राव या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस पडले. त्यांनी त्याची ओळख पटवली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली ‘पार्थेनियम’ची भारतासाठी नवी नोंद म्हणून ती छापली. पुढे हेच गवत देशभर लाखो हेक्टरवर पसरले.

वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या माणसाचे आयुष्य मोजताना आपण विचारतो की त्याने नव्या जाती किती शोधल्या. बातमीही तेवढ्याचीच होते. माझ्या मते हे माप अपुरे आहे, आणि राव यांची ती दोन-तीन पानांची नोंद त्याचा उत्तम पुरावा आहे. त्यात नवी जात नव्हती, कारण अमेरिका खंडातल्या या वनस्पतीला लिनियसने अठराव्या शतकातच नाव दिले होते. नवे होते ते एवढेच, की ती इथे आली आहे. हे सांगता येण्यासाठी आधी इथे काय काय आहे ते सगळे ठाऊक असावे लागते. ‘हे आपल्याकडचे नाही’ असे छातीठोकपणे म्हणणाऱ्या माणसामागे हजारो वनस्पतींची ओळख उभी असते. वर्गीकरणतज्ज्ञाची खरी कमाई म्हणजे ही ओळख, आणि तिचा आधार म्हणून मागे ठेवलेले, तारीख व ठिकाण लिहिलेले, कोणालाही पुन्हा तपासता येतील असे नमुने.

पुण्याला ही ओळख परंपरेने मिळाली होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक निवृत्तीनंतर इंग्लंडला गेले आणि त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात खंडाखंडाने सिद्ध केला. कुक यांचा मूळ पेशा अभियंत्याचा होता. त्या ग्रंथामागे इथल्या डोंगरांत पायपीट करून नमुने गोळा करणारी माणसे होती आणि त्यांत मराठी माणसेही होती. आंबा घाटातल्या ‘सोनघंटा’ या दुर्मीळ झुडपाच्या शास्त्रीय नावात, ‘अब्युटिलॉन रानडेई’मध्ये, रानडे नावाच्या अशाच एका संग्राहकाची आठवण आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशाची एकदा नीट मोजदाद झाली, म्हणून पुढच्या पिढीला त्या यादीत न बसणारे झाड उठून दिसले.

हे काम माणसाकडून काय मागते ते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांच्या आयुष्यातून स्पष्ट दिसते. १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९२८ साली भारतात आले, लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, लंडनच्या क्यू उद्यानाच्या वनस्पतिसंग्रहात काम केले आणि १९४० मध्ये परतून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. त्यानंतरची अनेक वर्षे खंडाळा हे त्यांचे क्षेत्र होते. त्यांनी तिथे वेगवेगळ्या ऋतूंत जाऊन नमुने घेतले, कारण एकाच झुडपाचे फूल एका महिन्यात मिळते, फळ दुसऱ्या महिन्यात, आणि दोन्ही हाती आल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. कारवी तर कैक वर्षांतून एकदाच फुलते. ती खंडाळ्यात कोणकोणत्या वर्षी फुलली याच्याही नोंदी त्यांनी चिकाटीने केल्या. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ मध्ये आला आणि १९६७ पर्यंत त्याची तिसरी आवृत्ती निघाली. पुरंदरच्या वनस्पतींवर त्यांनी असेच काम केले, आणि झकारिया कापडिया यांच्यासह मुंबई परिसरातल्या ऑर्किडांवर पुस्तक लिहिले. १९६१ ते १९६७ या काळात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक होते. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला त्यांचे नाव आहे. या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एकाच घाटावर पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी. पद, पुरस्कार आणि ग्रंथ त्यानंतर आले.

नमुना तयार करण्याची रीत साधी आहे, पण ती ढिलाई सहन करत नाही. फुलाफळासह फांदी, आणि छोटे झाड असेल तर मुळासकट, टिपकागदात वा वर्तमानपत्रात पसरून लाकडी प्रेसमध्ये आवळायची; कागद रोज बदलायचे; वाळल्यावर कीड लागू नये म्हणून प्रक्रिया करायची आणि जाड कागदाच्या शीटवर शिवायची. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: गाव, उंची, तारीख, संग्राहकाचे नाव, त्याचा क्रमांक, आणि वाळल्यावर नाहीसे होणारे सगळे, म्हणजे फुलाचा रंग, वास, चीक. चिठ्ठी नसलेली शीट म्हणजे तारीख-सही नसलेला दस्त. कितीही सुबक असली तरी पुराव्याला निरुपयोगी.

असा पुरावा काय करू शकतो ते गाजर गवतावरूनच पाहू. अमेरिकेतून पीएल-४८० या धान्यमदतीच्या योजनेखाली आलेल्या गव्हातून ते भारतात आले, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिच्याबद्दल कोणी शंका घेत नाही. पण या योजनेखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला. पुण्यातले उकिरडे त्याआधीच या झाडाने धरले होते. यावर कोणी म्हणेल की १९५१ मध्येही अमेरिकेकडून धान्याची मदत आली होती, बी त्यातून आले असेल. ती शक्यता उरते. मात्र पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहात याच वनस्पतीची वनाधिकारी ब्रँडिस यांनी १८८० मध्ये घेतलेली शीट असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. म्हणजे भारतात ती एकदा फार आधी येऊन गेली होती, आणि राव यांची ‘भारतासाठी नवी’ ही नोंदही शब्दशः खरी नव्हती. गव्हातून बी आले असेलच, तर ते पहिल्यांदा नव्हे. राव यांची नोंद दुरुस्त केली ती एका जुन्या कागदावर शिवलेल्या झाडाने, आणि यात राव यांचा कमीपणा नाही. आपले म्हणणे ज्या पुराव्यावर उभे आहे तो पुढच्यांच्या हाती सोपवून जाणे हीच या शास्त्राची शिस्त आहे. बोलाचालीतल्या समजुतीला अशी दुरुस्ती करता येत नाही, म्हणून ती सत्तर वर्षे जशीच्या तशी टिकते.

या शास्त्रावरचा सगळ्यात जुना आक्षेप असा, की वर्गीकरणतज्ज्ञ नावे सतत बदलतात, मग त्यांच्या कामाला पक्केपणा कुठला? आक्षेपात तथ्य आहे. जुन्नर परिसरातली शिंदळ माकुडी ही वनस्पती वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६० च्या दशकात ‘फ्रेरिया इंडिका’ म्हणून प्रसिद्ध केली. नंतर तीच ‘कॅराल्युमा’त गेली, मग ‘बूसेरोसिया’त, आणि अलीकडे काही अभ्यासकांनी तिला कंदीलपुष्पांच्या प्रजातीत, ‘सेरोपेजिया’त घातले आहे. कारवीचेही ‘स्ट्रोबिलँथस’मधून ‘कार्विया’त आणि पुन्हा माघारी असे येणे-जाणे झाले. बागकाम करणाऱ्याला आणि वनरक्षकाला याचा वैताग येणे स्वाभाविक आहे. पण बदलते काय, हे पाहायला हवे. झाड तेच, शीट तीच, शिवनेरीचा कडा तोच; बदलते ते त्याच्या नात्यागोत्याबद्दलचे आपले ज्ञान. पूर्वी नाते फुलाच्या रचनेवरून ठरे, आता डीएनएची साक्षही घेतली जाते. आणि प्रत्येक नाव शेवटी एका ठरावीक आदर्श नमुन्याला बांधलेले असल्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या नोंदीत आपण एकाच वनस्पतीबद्दल बोलतो आहोत याची खात्री देता येते.

दुसरा आक्षेप आजचा आहे: फोनवर फोटो काढला की ॲप नाव सांगते, आणि पानाचा तुकडा प्रयोगशाळेत दिला की डीएनए सांगतो, मग वाळलेल्या झाडांची कपाटे कशाला? ॲपने हजारो लोकांना झाडांकडे पाहायला लावले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ॲप ओळखते ते आधी कोणीतरी ओळखून ठेवलेले. डीएनएचा क्रमही ज्या संदर्भाशी ताडायचा, तो ज्या नमुन्यातून घेतला त्याची ओळख एखाद्या तज्ज्ञानेच पटवलेली असते. ती चुकली तर यंत्र तीच चूक पूर्ण आत्मविश्वासाने परत करते. शिवाय आपल्या टेकड्यांची खरी श्रीमंती गवतांत आणि पावसाळ्यात दोन-तीन महिने जगणाऱ्या बोटभर वनस्पतींत आहे. त्यांच्यातला फरक बीच्या पृष्ठभागावर किंवा भिंगाखाली दिसणाऱ्या फुलोऱ्यातल्या तुसांत असतो, फोटोत तो उतरत नाही. २०२४ मध्ये आघारकर संशोधन संस्थेच्या मंदार दातार आणि त्यांचे सहकारी आदित्य धारप यांनी तळेगाव दाभाडेच्या गवताळ माळांवरून ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ ही नवी जात प्रसिद्ध केली. ही वनस्पती वर्षात दोनदा फुलते: पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात वणव्याने माळ जळून गेल्यावर पुन्हा. दोन्ही वेळची झाडे एकच आहेत हे कळायला त्याच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. पुणे-मुंबई मार्गाच्या इतक्या जवळचा हा माळ, पण तिथली ही जात ओळखली जायला २०२४ साल उजाडले.

खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे. राव यांनी नोंद केली, ती छापून आली, आणि तरीही गाजर गवत पसरलेच. मग त्या नोंदीचा उपयोग काय झाला? पुढच्या दोन दशकांत पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांना या गवताच्या संपर्काने अंगावर चट्टे उठलेले रुग्ण तपासावे लागले. मेक्सिकोतला भुंगा आणून बंगळूरला सोडायला १९८४ साल उजाडले, आणि तो काही ठिकाणी सूर्यफुलावर दिसल्यावर वादही झाला, कारण सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातले. या आक्षेपाला मी एवढेच उत्तर देऊ शकतो, की इशारा वेळेवर मिळाला होता. तो ऐकणारी यंत्रणा नव्हती. वनस्पतिसंग्रहातून नगरपालिकेच्या टेबलापर्यंत कागद जाण्याची वाटच आपण कधी आखली नाही, आणि ती आजही आखलेली नाही. त्यावर उपाय म्हणून संग्रह बंद करणे म्हणजे गस्तीचा माणूस ओरडला तरी कोणी उठले नाही म्हणून गस्तच काढून टाकणे होईल. आणि गस्त हळूहळू निघतेच आहे. महाविद्यालयांत क्षेत्रभेटी कमी होत चालल्या आहेत, आणि एका कुळावर वीस वर्षे काम करायला लावणारी कायम नोकरी तरुणांना मिळणे अवघड झाले आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पात सांतापाव घडत नाहीत.

बावधनला हा विषय परका नाही. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले आणि बावधन खुर्दचा त्यांत समावेश आहे. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये शहरात आले. आरक्षण राहावे की उठावे यावर दोन दशकांहून अधिक काळ वाद चालू आहे, आणि त्या वादात टेकडीवर नेमके आहे काय हा प्रश्न मागे पडतो. गिरिपुष्पाची हिरवी लागवड दुरून जंगलासारखी दिसते, पण ते झाड मध्य अमेरिकेतले. उलट, उन्हाळ्यात उजाड वाटणाऱ्या पिवळ्या गवतात सह्याद्रीबाहेर कुठेच न सापडणाऱ्या जाती असू शकतात. ‘टेकडी ओसाड आहे’ हे विधान आणि ‘टेकडी जैवविविधतेने समृद्ध आहे’ हे विधान, दोन्ही नमुन्यांशिवाय सारखीच पोकळ आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. त्या नोंदवहीत वनस्पतीच्या प्रत्येक नावापुढे संग्रहातल्या शीटचा क्रमांक असला पाहिजे, नाहीतर ती यादी न्यायालयात वा नियोजनाच्या सुनावणीत टिकणार नाही.

यासाठी लागणाऱ्या संस्था पुण्यातच आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून इथे आहे आणि विधी महाविद्यालयाच्या टेकडीखाली आघारकर संस्थेचा संग्रह आहे. मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी कोलकात्याची प्राध्यापकी संपवून १९४६ मध्ये या संस्थेचे काम उभे केले. बावधनहून दोन्ही ठिकाणे एका सकाळीत गाठता येतात. महापालिकेने आपल्या जैवविविधता समितीसाठी किमान एक वर्गीकरणतज्ज्ञ कायम वेतनावर नेमावा, आणि बावधनच्या टेकड्यांचे निदान तीन पावसाळ्यांचे नमुने या संग्रहांत जमा झाल्याशिवाय तिथल्या जमिनीच्या वापराबद्दल कोणताही निर्णय घेऊ नये. पुढच्या सुनावणीला जाणाऱ्या प्रत्येक बावधनकराने ही मागणी लेखी द्यावी.