टेनिसची पहिली रॅकेट : निवडीचा विचार

नवोदिताची पहिली रॅकेट बहुधा एखाद्या विजेत्याच्या नावावर निवडली जाते. वस्तुतः ती खेळणाऱ्याच्या हातावरून निवडावयास हवी. प्रौढांसाठी २७ इंच लांबी, १०० ते ११० चौरस इंचांचे डोके आणि २६० ते २८५ ग्रॅम वजन सोयीचे ठरते. उपेक्षा होते ती मुठीची. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके व तळवा यांमध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. मूठ अयोग्य मापाची असल्यास पकड आवळावी लागते व कोपरावर ताण येतो. महाविद्यालयात एकाच मापाच्या डझनभर रॅकेट मागविल्या, तर लहान हाताच्या विद्यार्थिनींनी खेळ सोडल्याचा दोष त्यांच्या चिकाटीला देणे अन्यायकारक होय. दोन मापांत संदेह असल्यास लहान घ्यावे. पट्टी गुंडाळून मूठ जाड करता येते, बारीक करणे कठीण.