अमेरिकेचा फुटबॉल, पुण्याचे मराठा आणि आपल्या गावचा आखर

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास आपण गव्हाला पाणी द्यायला मोटर सुरू करायला निघतो, तेव्हा अमेरिकेत रविवारची संध्याकाळ असते आणि तिथे 'सुपर बोल' नावाचा अंतिम सामना सुरू होतो. मिहानमधल्या संगणक कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या पोरांना हा सामना माहीत असतो. खापरी, शिवणगाव, दहेगावकडचे पोट्टेही आता मोबाइलवर त्याचे तुकडे पाहतात आणि विचारतात, साहेब, याला फुटबॉल काहून म्हणतात, चेंडू तर हातात असतो!

प्रश्न रास्त आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांच्या पोरांनी प्रत्येकी २५ गडी घेऊन जो सामना खेळला, त्याला तिकडे या खेळाचा पहिला सामना मानतात. तो खरोखरच पायाने खेळायचा फुटबॉल होता. पुढे त्यात रग्बी मिसळली. १८८० च्या सुमारास येल कॉलेजच्या वॉल्टर कॅम्प याने गडी अकरावर आणले आणि दोन्ही बाजू एका रेषेवर समोरासमोर उभ्या केल्या. आज नियम असा की चार प्रयत्नांत चेंडू किमान दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याला. शेवटच्या पट्ट्यात पोचलात की 'टचडाउन', म्हणजे सहा गुण. आपल्याला समजायला सोपं करून सांगायचं तर जमिनीची मोजणी चालू आहे आणि अकरा गडी मिळून एकेक हात धुरा पुढे सरकवताहेत, असा हा प्रकार. धुऱ्यावरून कशी मारामारी होते ते तुम्हांला मी काय सांगावं!

मारामारी तिथेही झालीच. १९०५ च्या मोसमात मैदानावर इतकी पोरं दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांना मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून समज द्यावी लागली. १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, त्यामुळे रेटारेटी थोडी कमी झाली. पण डोक्याला बसणारा मार गेला नाही. निवृत्त खेळाडूंच्या मेंदूवर झालेल्या परिणामांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लीगला भरपाईची तडजोड करावी लागली. हे मुद्दाम सांगतो, कारण हेल्मेट आणि खांद्याची पॅडं नसताना मोबाइलवर पाहून कुणी शेतात हा खेळ खेळू नये. कबड्डीतली पकड वेगळी आणि ही धडक वेगळी.

सहकारी संघ, पण साखर नाही

या खेळात आपल्या कामाची एक गोष्ट आहे ती ग्रीन बे या गावाची. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचं राज्य आणि गाव आपल्या कामठीपेक्षा जरासंच मोठं. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने तिथे संघ काढला. तो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता, तिनेच गणवेशाला पैसे दिले, म्हणून नाव पडलं पॅकर्स. १९२३ मध्ये पैशाची ओढाताण झाली तेव्हा गावकऱ्यांनी शेअर घेतले. आज भागधारक ५ लाखांवर आहेत. लाभांश छदामही मिळत नाही, शेअर बाजारात विकता येत नाही, तरी लोक घेतात. बाकी सगळे संघ धनवंतांच्या मालकीचे, हा एकटा लोकांचा, आणि विजेतेपदं मात्र तेरा. आपल्याकडे सहकारी कारखान्याचे सभासद वार्षिक सभेत काय काय बोलतात ते ऐकलेल्या माणसाला हे नवलाचं वाटेल.

पुणे मराठाज

आता महाराष्ट्राकडे या. २०११ मध्ये काही अमेरिकन मंडळींनी 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' जाहीर केली. पैसे लावणाऱ्यांत तिकडचे नामांकित प्रशिक्षक माइक डिट्का, जुना खेळाडू कर्ट वॉर्नर, सिनेनट मार्क वॉल्बर्ग अशी नावं होती. आठ संघ झाले, त्यांत आपले दोन, मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज. खेळाडू कुठून आणणार? रग्बी, कबड्डी, मैदानी खेळ यांतून आलेली ही पोरं. त्यांतल्या बहुतेकांनी तो लांबट चेंडू आधी हातात धरलेला नव्हता. २०१२ च्या पहिल्या मोसमाचे सामने श्रीलंकेत कोलंबोला झाले आणि दूरदर्शन संचावर टेन स्पोर्ट्स वाहिनीने दाखवले. अंतिम सामन्यात पुणे मराठाजनी दिल्ली डिफेंडर्सला ६-० असं हरवलं. म्हणजे एका टचडाउनएवढे गुण आणि कप मराठ्यांचा.

आणि पुढे? पुढे त्या लीगचा गाडा रुळावर राहिला नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तसं झालं. माझ्या मते कारण उघड आहे. पुण्याचा संघ, पण सामना कोलंबोत. ज्या संघाच्या पोरांना गल्लीतले लोक ओळखत नाहीत, ज्याचा सराव कुणी कुंपणावर बसून पाहत नाही, तो टीव्हीवर कितीही चमकला तरी त्याचं मूळ धरत नाही. रोप दुसऱ्याच्या वावरात आणि फळाची वाट आपण पाहायची, हे जमत नसतं.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या नागपुरात आहे. तो फुटबॉल पायाचा, पण गोष्ट तीच. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतली पोरं भर पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि त्यांना चेंडू आणून दिला. त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' उभा राहिला. पुढे इथली पोरं बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत गेली. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांनी त्यावर 'झुंड' सिनेमा काढला, अमिताभ बच्चन त्यात बारसे सरांवर बेतलेल्या भूमिकेत आहेत. तिथे सुरुवातीला गुंतवणूकदार नव्हता, एक चेंडू होता आणि रोज मैदानावर येणारा एक मास्तर होता. २०११ ची कोटींची लीग थांबली आणि हे काम पुढे गेलं, याचा सरपंच मंडळींनी जरूर विचार करावा.

मैदान कुठे आहे?

खरी अडचण खेळाची नाही, जागेची आहे. मिहानसाठी आराखडाच चार हजार हेक्टरांवरचा. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची शेती त्यात गेली. मोबदल्याची, भूखंडाची भांडणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पण शेतासोबत आखरही गेला, हे कुणी अर्जात लिहीत नाही. गुरं जिथे गोळा व्हायची तिथेच संध्याकाळी कबड्डी व्हायची. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसित गावाच्या सोयींमध्ये मुलांचं क्रीडांगण स्पष्ट लिहिलेलं आहे. मिहानची बरीचशी संपादनं त्याआधीची, हे खरं. तरी मागणी करताना हा आधार सांगायला हरकत नाही. जिथे गायरान शिल्लक आहे तिथे २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात असू द्या, गावाच्या सामाईक जागेवरचं अतिक्रमण हटवायचा आदेश त्यात आहे. गायरान दुसऱ्या कामाला वापरायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तेव्हा आधी कागद, मग खांब.

जागा किती लागते? अमेरिकन फुटबॉलचं पूर्ण मैदान १२० बाय ५३ यार्डांचं, म्हणजे सुमारे ५३ आर, सव्वा एकराच्या वर. एवढी जागा मिहानच्या भावाने कोण देणार! पण याच खेळाचा एक सौम्य प्रकार आहे, फ्लॅग फुटबॉल. त्यात धडक नाही. कमरेला लावलेली पट्टी ओढली की गडी थांबला. पाच-पाच गडी, मैदान ७० बाय २५ यार्ड, म्हणजे जेमतेम १५ आर. पोरीही खेळतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सभा आपल्या मुंबईतच भरली होती, त्याच सभेत २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर या खेळालाही मंजुरी मिळाली. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत. कबड्डीत हात लावून पळणाऱ्या आपल्या पोरांना पट्टी ओढायला कितीसा वेळ लागणार?

मैदान करताना आपली काळी माती आडवी येते. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, आणि भेगेत पाय अडकला की घोटा गेला. म्हणून आधी मुरूम टाकून रोलर फिरवा. मधोमध थोडा उंचवटा ठेवून दोन्हीकडे शंभर फुटाला फूटभर उतार द्या, बाजूने चर काढा. वर चार ते सहा इंच चाळलेली माती आणि वाळू. आणि गवत कोणतं? अमेरिकेतल्या कितीतरी मैदानांवर ज्या गवतासाठी लाखो डॉलर मोजतात, ते 'बर्म्युडा' म्हणजे आपल्या हरळीचीच संकरित जात. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन केंद्रात ती तयार झाली. जी हरळी आपण वखरून वखरून धुऱ्यावर फेकतो, तिच्याच काशा पहिल्या चांगल्या पावसानंतर वीतभर अंतरावर लावा. फुकट आहेत, मजूर म्हणून पोरंच आहेत. पहिले दोन महिने मात्र गुरं आणि ट्रॅक्टर आत सोडू नका.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी १ मे च्या ग्रामसभेत मैदानाचा विषय घेऊन ठराव तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडे पाठवला, तर पावसाच्या आत सपाटीकरण उरकतं. आखणीला दोरी, फक्की आणि चार बांबू पुरेत.