नागपूरचा संघ, सुरतेचं मैदान आणि खडूस पंडित

२०१७ च्या डिसेंबरचा पहिला आठवडा सुरतेला निवांत नव्हता. अरबी समुद्रातून ‘ओखी’ वादळ शहराच्या रोखाने निघालं होतं. किनारा गाठण्याआधीच ते विरलं, पण जाता जाता पाऊस टाकून गेलं. ९ तारखेला विधानसभेच्या पहिल्या टप्प्याचं मतदान होतं. जुलैतल्या जीएसटीविरोधी बंदानंतर कापडबाजार पहिल्यांदाच मत द्यायला निघाला होता, त्यामुळे सुरतेच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत दुसरा विषय नसणार हे उघड होतं. याच गडबडीत शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेसूकडच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर, ७ तारखेपासून विदर्भाचा संघ केरळविरुद्ध रणजी करंडकाचा उपांत्यपूर्व सामना खेळत होता.

गोडादऱ्याच्या मराठी माणसाने या संघाला आपलं म्हणावं का? इथली बरीचशी मराठी घरं जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली. ताप्ती लाइनच्या गाडीने येऊन उधन्याला उतरायचं, मागावर नाहीतर साड्यांच्या मार्केटात लागायचं आणि घरात अहिराणी बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता. क्रिकेटच्या कारभारात खानदेश पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे येतो, विदर्भ निराळा. आणि ज्या राज्यात चूल मांडली त्या गुजरातने त्याच वर्षी जानेवारीत, इंदूरच्या अंतिम सामन्यात मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली होती.

त्या पराभूत मुंबईचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. पुढच्या हंगामासाठी मुंबईने समीर दिघे यांना नेमलं आणि पंडित नागपूरला विदर्भाकडे गेले. वर्ष सरायच्या आत ते नव्या संघाला घेऊन गुजरातच्याच मैदानावर उभे होते. क्रिकेटमध्ये असले योगायोग फार होतात, त्यांना जास्त अर्थ चिकटवू नये; पण हा मला सोडवत नाही.

पंडित आचरेकर सरांच्या तालमीतले. यष्टिरक्षक-फलंदाज, पाच कसोटी, छत्तीस एकदिवसीय सामने, १९८७ च्या विश्वचषक संघात. मुंबईच्या मैदानांवर ‘खडूस’ हा शब्द कौतुकाने वापरतात: विकेट फेकायची नाही, प्रतिस्पर्ध्याला मोकळा श्वास घेऊ द्यायचा नाही. पंडितांचं प्रशिक्षण याच कुळातलं, शिस्तीला कडक आणि खेळाडूंच्या लाडाला फारसा वाव नसलेलं.

विदर्भाला याचीच उणीव होती. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या या संघाने साठ वर्षांत अंतिम फेरी पाहिली नव्हती. गुणवत्ता नव्हती असं नाही. जामठ्याचं मोठं स्टेडियम २००८ पासून उभं होतं, विदर्भ क्रिकेट संघटनेने अकादमीवर पैसा आणि वर्षं घातली होती, उमेश यादव भारताकडून खेळत होता. गोलंदाजीसाठी सुब्रतो बॅनर्जी होते. मुंबईचा वसीम जाफर संघात होता; आदल्या हंगामात दुखापतीमुळे खेळता न आल्याने या वेळी त्याने मानधन घेतलं नाही. म्हणजे पंडितांना शेत नांगरलेलं मिळालं होतं. सगळं श्रेय त्यांच्या नावावर लावणाऱ्यांनी हे विसरू नये. पण नांगरलेल्या शेतातही पेरायला कुणीतरी लागतंच.

सुरतेत समोरच्या तंबूतही नवाच प्रशिक्षक होता. १९९६ मध्ये श्रीलंकेला विश्वचषक जिंकून देणारे डेव्ह व्हॉटमोर त्या वर्षी केरळकडे आले होते आणि केरळ पहिल्यांदाच रणजीच्या बाद फेरीत इतकं पुढे आलं होतं.

विदर्भ पहिल्या डावात २४६ वर आटोपला. मोठी धावसंख्या नव्हे. पण स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या रजनीश गुरबानीने पाच बळी घेतले आणि केरळ १७६ वर संपलं. आघाडी ७० ची. आता रणजीचं गणित इथे समजून घ्यायला हवं. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ पुढच्या फेरीत जातो. म्हणजे विदर्भाला जिंकण्याची गरजच उरली नव्हती; हरायचं नाही, एवढंच काम. अशा वेळी प्रेक्षकांना आवडेल म्हणून डाव लवकर घोषित करण्याचा मोह अनेक कर्णधारांना होतो. फैझ फझलच्या संघाला झाला नाही. कर्णधार फझल आणि अपूर्व वानखडे यांनी शतकं ठोकली, संघ ९ बाद ५०७ पर्यंत खेळत राहिला आणि केरळसमोर ५७८ धावांचं लक्ष्य आलं. कंटाळवाणं? असेल. पण ज्या संघाला साठ वर्षं ‘चांगले खेळले, पण...’ ऐकावं लागलं, त्याने दार असं कडी-कोयंडा लावून बंद करणं मला त्या हंगामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. डावखुऱ्या आदित्य सरवटेच्या फिरकीपुढे केरळ १६५ वर कोसळलं. विजय ४१२ धावांनी.

कोलकात्यात ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्धची उपांत्य फेरी मात्र कुठल्याच गणितात बसणारी नव्हती. पहिल्या डावात विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. दुसऱ्या डावात ३१३ करून विदर्भाने १९८ चं लक्ष्य दिलं. शेवटच्या सकाळी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी बाकी होते. शेपटाने झुंजत झुंजत अंतर कमी करत आणलं. श्रेयस गोपाल एका टोकाला नाबाद राहिला आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. गुरबानीचे सामन्यात बारा बळी. नव्या प्रशिक्षकाने काय बदललं असं कुणी विचारलं तर मी या सकाळीकडे बोट दाखवीन. पूर्वीचा विदर्भ अशी सकाळ हरला असता, असं माझं मत. सिद्ध करता येणार नाही.

अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, दिल्लीशी. वर्षभरापूर्वी याच मैदानावर पंडितांची मुंबई हरली होती. गुरबानीने हॅट्ट्रिक केली, तिन्ही गडी त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅट्ट्रिक. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, १९७२-७३ मधली. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने पहिलंवहिलं शतक काढत १३३ धावा केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून विजेता झाला आणि विजयी धाव जाफरच्या बॅटमधून आली. फझलच्या नावावर हंगामात ९१२ धावा होत्या, गुरबानीच्या नावावर अवघ्या सहा सामन्यांत ३९ बळी.

पुढच्या वर्षी विदर्भाने करंडक राखला. पंडित नंतर मध्य प्रदेशाकडे गेले. कर्णधार म्हणून १९९९ मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर ते मध्य प्रदेशासाठी अंतिम सामना हरले होते. २०२२ मध्ये त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून मुंबईला हरवून त्यांनी तो जिंकला.

विदर्भाने तिसरा करंडक मार्च २०२५ मध्ये नागपुरात उचलला, तोही पंडितांशिवाय. प्रशिक्षक होते विदर्भाचेच जुने खेळाडू उस्मान गनी आणि कर्णधार अक्षय वाडकर. समोर पुन्हा केरळ होतं, आणि त्यांच्याकडून ७९ धावा काढत विदर्भाला घाम फोडणारा फलंदाज होता आदित्य सरवटे. तोवर तो केरळकडे गेला होता. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे गेला.