पाठ्यवृत्ती कोणाची? तरुण रंगकर्मी आणि सरकारी अर्ज

तरुण कलावंतांसाठी शासनाजवळ योजनाच नाहीत, असे आपले कार्यकर्ते सरसकट बोलतात. ते खरे नाही. योजना आहेत. प्रश्न आहे तो त्या योजनांनी 'कलावंत' म्हणून कोणाला गृहीत धरले आहे, हा. वस्तीत पथनाट्य करणारी, जयंतीच्या रात्री डफ-ढोलकी घेऊन उभी राहणारी मुले माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला येतात, तेव्हा हा प्रश्न दरवेळी आडवा येतो. म्हणून त्या अर्जाविषयीच लिहितो.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, मुदत दोन वर्षे, दरमहा ५,००० रुपये आणि साऱ्या देशात मिळून वर्षाला जास्तीत जास्त ४०० जागा. शास्त्रीय संगीत-नृत्याच्या जोडीला नाट्य आणि लोककलाही तिच्यात आहेत. पंचविशी ओलांडलेल्यांना चाळिशीपर्यंत कनिष्ठ पाठ्यवृत्ती आहे, दरमहा १०,००० रुपयांची. कागदावर दार उघडे आहे. पण शिष्यवृत्तीच्या नियमांत एक अट आहे : उमेदवाराने गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण घेतलेले असावे आणि तसे गुरूच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावे.

घराण्यात गाणे शिकलेल्या मुलाला ही अट म्हणजे काहीच नाही. आमच्या मुलाने कोणाची सही आणावी? वामनदादा कर्डक मुंबईत कष्टाची कामे करताना, वयात आल्यावर अक्षरे शिकले. त्यांचे ऐकून जी पिढी गाऊ लागली तिचा गुरू एक माणूस नव्हता, अवघी वस्ती होती. वस्ती सही करीत नाही. एकलव्याकडे द्रोणाचार्याचे प्रमाणपत्र मागावे तसा हा प्रकार झाला. (अंगठ्याऐवजी सही मागितली, एवढीच काय ती सुधारणा.)

दुसरी अडचण याहून खोल आहे. शिष्यवृत्ती एका नावाने मिळते. जलसा एका नावाचा नसतो. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, तेव्हा ढोलकीवाला, सोंगाड्या, झिलकरी ही सारी मंडळी मिळून तो जलसा उभा राही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेही पथकच होते. यांतल्या एकालाच निवडून दरमहा पैसे दिले आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला ठेवले, तर कला वाढेल की पथक फुटेल?

परंपरा जपण्याच्या भाषेबद्दलही बोलले पाहिजे. संगीत नाटक अकादमीने १९८४ साली तरुण रंगकर्मींना साहाय्य देण्याची योजना सुरू केली. लोकनाट्य आणि पारंपरिक नाट्य यांपासून प्रेरणा घेऊन प्रयोग करणाऱ्या दिग्दर्शकांसाठी ती होती. 'मुळांकडे' जाण्याचा तो काळ होता. तिच्यातून काही चांगली नाटके झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मुळांकडे जायला आधी मुळांपासून दूर असावे लागते. महार, मांग, कोल्हाटी समाजांनी ज्या तमाशात पिढ्या घातल्या, त्या तमाशाचा बाज शहरातल्या दिग्दर्शकाने उचलला की त्याला प्रयोग म्हणतात. फडावरच्या मुलीने तेच केले की ते पोट भरणे ठरते. शिवाय जलसाकारांनी परंपरा जपली नव्हती. तमाशाचा साचा घेऊन त्यांनी तो उलटा केला, त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. परंपरा उलटी करणाऱ्याला परंपरेच्या रकान्यात जागा कशी मिळणार?

आणि म्हातारपणी मात्र शासनाला आमचा कलावंत दिसतो. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन मिळते. २०२४ साली त्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आणि मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये केले. हे योग्यच झाले. पण ज्याला आवाज बसल्यावर मदत मिळते, त्याला आवाज असताना ती का मिळू नये?

काही मित्र म्हणतात, सरकारी पैसा घेतला की डफ बोथट होतो. भीती निराधार नाही. मात्र ती बहुधा ज्यांचा पगार पहिल्या तारखेला होतो, त्यांच्याच तोंडी ऐकू येते. तालमीला आलेल्या मुलाचा त्या दिवसाचा रोज बुडतो, त्याचे काय? जलसे वर्गणीवर चालले हे खरे. वर्गणी देणाऱ्यांनीही रोज बुडवूनच ती दिली होती.

तेव्हा अर्ज भरावेत, आणि आपल्या अटींवर भरावेत. कलापथक नोंदणीकृत असेल, तर पाच वर्षांच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र त्याच्या लेटरहेडवर घ्यावे. नियमात 'संस्था' हा शब्द आहे. जुन्या शाहिराकडे मुलगा खरोखर शिकला असेल, तर त्या शाहिराला गुरू म्हणून लिहायला लाजू नये. प्रयोगांच्या तारखा, गावे, हँडबिले, वर्तमानपत्रांतली कात्रणे आजपासून एका फायलीत ठेवावीत; आपल्या पथकांकडे प्रयोग शेकड्याने असतात आणि कागद एकही नसतो. आणि शिक्षकांनी, विशेषतः जे अशा समित्यांवर जातात त्यांनी, एका नावाऐवजी पथकाला पाठ्यवृत्ती मिळावी ही मागणी तिथे लेखी नोंदवावी. बैठकीतले तोंडी बोलणे इतिवृत्तात येत नाही.