यादीत अंबाजोगाई लिहिताना

कॉटन ग्रीनहून काळाचौकी, लालबाग करत पायी निघाले तर पाऊण तासात केईएमच्या दारात पोहोचता येते. आमच्या घरात कुणाचा हात मोडला, कुणाला कावीळ झाली, कुणाचे बाळंतपण आले की पाय आपोआप तिकडेच वळतात. त्यामुळे आमच्या मुलीने दहावीत असताना डॉक्टर व्हायचे म्हटले, तेव्हा दादींनी लगेच ठरवून टाकले की पोर रोज घरून डबा घेऊन परळला जाईल आणि मगरीबपर्यंत परत येईल. आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. आम्हाला या स्वप्नातल्या अडचणी कळत होत्या, तरी आम्हीही ते मोडले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही तेच हवे होते.

१४ जून २०२५ रोजी नीटचा निकाल लागला. मुलीचे गुण इथे लिहीत नाही, तिने मनाई केली आहे. एवढेच सांगतो की मुंबईच्या जुन्या महाविद्यालयांसाठी ते कमी होते आणि सरकारी जागेच्या अगदी काठावर होते. हे समजायलाही आम्हाला आठवडा लागला, कारण आम्ही शेजारच्या मुलाचे मागच्या वर्षीचे गुण समोर ठेवून बसलो होतो. २०२४ मध्ये गुण फुगले होते. सुधारित निकालातही ७२० पैकी ७२० मिळवणारे १७ जण होते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण होते ६८६. मग गेल्या वर्षीच्या गुणांशी तुलना करून काय हाती लागणार? पाहायचा असतो तो क्रमांक, म्हणजे देशाच्या यादीतला रँक आणि नंतर राज्याच्या यादीतला गुणवत्ता क्रमांक. गेल्या वर्षी कोणत्या महाविद्यालयातली शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली, हे सीईटी सेलच्या याद्यांमध्ये सापडते. त्या याद्या लांबलचक असतात, पण शिक्षकाला निकालपत्रके चाळायची सवय असतेच.

ज्या घरांत अजून ही वेळ आलेली नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या दिल्लीची एमसीसी भरते. अभिमत विद्यापीठांच्या जागाही तिच्याकडेच. उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी महाविद्यालयांच्या बहुतेक जागा आपल्या राज्याच्या सीईटी सेलकडून भरल्या जातात. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळे पैसे आणि वेगळी पसंतीयादी. आमच्या ओळखीच्या एका घराने एकच अर्ज भरला आणि दुसरीकडे आपोआप नाव जाईल असे समजून वाट पाहत राहिले.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या डोक्यात जुनीच बसली आहे. पूर्वी राज्यात ७०:३० असे सूत्र होते. ज्या विभागात तुम्ही शिकलात, तिथल्या ७० टक्के जागा त्या विभागाच्या मुलांना मिळत. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. आता संपूर्ण महाराष्ट्राची एकच यादी लागते. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून आलेली मुले केईएम आणि जेजे पहिल्या पसंतीला लिहितात आणि मिळवतात. मुंबईत राहतो म्हणून मुंबईच्या जागेवर आपला हक्क, हे दादींचे गणित होते आणि ते पाच वर्षांपूर्वीच संपले होते. त्याच नियमाची दुसरी बाजू अशी की आमच्या मुलीलाही मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या जागा खुल्या झाल्या होत्या. ती बाजू आम्ही बघायला तयार नव्हतो.

पहिली यादी आम्ही दोघांनी एका रविवारी रात्री वहीत लिहिली. केईएमचे सेठ जीएस, जेजेचे ग्रँट, नायर, सायन, कूपर, जीटी आणि कामा रुग्णालयांचे २०२४ मध्ये सुरू झालेले नवे महाविद्यालय, मग कळवा. त्याखाली अलिबाग. अलिबागचे सरकारी महाविद्यालय २०२१ चे, पण आमच्या घरून दोन स्टेशने पुढे डॉकयार्ड रोड, तिथून भाऊचा धक्का आणि तिथून मांडव्याची रो-रो. शनिवारी येईल, रविवारी संध्याकाळी जाईल, असा हिशेब आम्ही केला. त्यानंतर रत्नागिरी, कारण गाव जवळ आणि दादींची बहीण तिथे. मग सिंधुदुर्ग. तिथे आमची रेघ थांबली. नागपूर, संभाजीनगर, अंबाजोगाई, नंदुरबार, गडचिरोली ही नावे आम्ही वहीत घेतलीच नाहीत.

मुलीने वही वाचली आणि म्हणाली, “अब्बा, अम्मी, ही यादी महाविद्यालयांची आहे की रेल्वेच्या वेळापत्रकाची?”

आम्ही चिडलो. पण तिने स्वतःची यादी काढून समोर ठेवली तेव्हा ती ऐकावी लागली. तिच्या यादीत मुंबईची चार जुनी महाविद्यालये वरच होती. पण कूपरच्याही आधी तिने पुण्याचे बीजे लिहिले होते. त्याखाली १९४७ चे नागपूर, १९५६ चे संभाजीनगर, १९६२ चे मिरज, १९६३ चे सोलापूर. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण महाविद्यालय तिने अलिबागच्या वर ठेवले होते. तिचे म्हणणे असे : डॉक्टर पुस्तकातून अर्धा होतो आणि वॉर्डात पूर्ण होतो. पन्नास वर्षे चाललेल्या रुग्णालयात रोग्यांची रांग असते, विभाग उभे असतात, पदव्युत्तर शिकणारे मोठे विद्यार्थी असतात आणि रात्रपाळीत तेच खरे शिकवतात. नव्या ठिकाणी इमारत, शिक्षक, वसतिगृह हे सगळे अजून जमत असते. “आणि पदवी सगळीकडे एकच,” ती म्हणाली. ते खरेच आहे. केईएम असो की गडचिरोली, पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. पुढे एमडी-एमएससाठी जी नीट असते, तिच्यातही महाविद्यालयाचे नाव बघून गुण देत नाहीत.

आम्ही म्हणालो, मुलीची जात, साडेपाच वर्षे, चारशे-पाचशे किलोमीटर. ती म्हणाली, भाई असता तर तुम्ही नागपूर लिहिले असते ना? याला आमच्याकडे उत्तर नव्हते. वर्गात मुलींच्या शिक्षणावर आम्ही दोघांनी किती भाषणे दिली असतील, याची त्या रात्री मोजदाद करावीशी वाटली नाही.

पैशाचा प्रश्न इथे सांगितला पाहिजे, कारण अनेक घरांत निर्णय त्याच्यावरच होतो. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट अशी की कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. खासगी महाविद्यालयालाही हे लागू आहे, अभिमत विद्यापीठ आणि व्यवस्थापन कोट्याला नाही. आम्ही कोकणी मुसलमान, खुल्या प्रवर्गातले, आणि दोन शिक्षकांचा पगार मिळून आठ लाखांच्या पुढे जातो. त्यामुळे ना ईडब्ल्यूएस, ना माफी. सरकारी महाविद्यालयाची वर्षाची लाख-दीड लाखाच्या घरातली फी आम्ही भरू शकत होतो. खासगीची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, तरी ती सरकारीच्या कितीतरी पट असते. नवी मुंबईतल्या अभिमत विद्यापीठांत तर आकडा वर्षाला वीस लाखांच्या पुढे.

पण आमच्या शाळेत बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी घरांतली मुले पुष्कळ आहेत आणि ती ओबीसी यादीत आहेत. त्यांच्या आई-वडिलांना आम्ही हात जोडून सांगतो की जात वैधता प्रमाणपत्राचे काम अकरावीतच सुरू करा. निकालानंतर पळापळ करून ते हाती येत नाही. अडचण कुठे येते हे आम्ही शाळेच्या कचेरीत बसून पाहिले आहे. आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. मग १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा दुसरा पुरावा शोधत चुलत आजोबांची शाळा, गावची जन्म-मृत्यू नोंद, जुने खरेदीखत असे फिरावे लागते. कागद सापडतो, पण दोन-तीन महिने जातात. आणि ज्यांचे नाव ओबीसीत नाही पण उत्पन्न कमी आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. तो मुसलमानांना मिळत नाही अशी समजूत अजूनही ऐकू येते. ती चुकीची आहे. २०१४ चा पाच टक्क्यांचा अध्यादेश मात्र मुदत संपून गेला, त्याची वाट पाहत बसू नये.

मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाचे एमबीबीएस महाविद्यालय जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वरुडीला आहे, अक्कलकुव्याच्या जामियाच्या संस्थेचे. तिथे अल्पसंख्याक कोट्यात क्रमांक खाली उतरतो, पण ते खासगी आहे, फी त्या हिशेबाने धरावी. युनानीकडे जाणाऱ्यांसाठी वर्सोव्याचे अंजुमन-ए-इस्लामचे, पुण्याचे, मालेगावचे आणि अक्कलकुव्याचे महाविद्यालय आहे. त्यालाही नीट लागतेच.

याच दिवसांत एक गृहस्थ घरी येऊन गेले. चहा घेतला, दादींची तब्येत विचारली आणि म्हणाले की नवी मुंबईत एक जागा ‘सेट’ होते, आगाऊ पाच लाख द्या. गावची आंब्याची बाग विकायचा विचार एका रात्रीपुरता आमच्याही मनात आला, हे कबूल करतो. मुलीने संकेतस्थळावरचा नियम दाखवला : अभिमत विद्यापीठाची जागाही एमसीसीच्या फेरीतूनच मिळते, बाहेरून कुणाला देता येत नाही. दुसरे एक जण बांगलादेश आणि किर्गिझस्तानची पत्रके ठेवून गेले. तिकडे जाणे वाईट असे नाही, पण नोव्हेंबर २०२१ च्या नियमानुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, वर्षाची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम आणि परतल्यावर परवाना परीक्षा, हे सगळे जमले पाहिजे. २०२४ च्या उन्हाळ्यात ढाक्यातून घाईघाईने परतलेल्या मुलांच्या बातम्याही आम्ही विसरलो नव्हतो.

पसंतीयादीचा एक नियम आम्हाला उशिरा उमगला आणि तो उमगल्यावर भांडण अर्धे संपले. संगणक तुमच्या गुणवत्ता क्रमांकावर येतो तेव्हा यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली मिळण्यासारखी जागा असेल ती देतो. वर केईएम लिहिले म्हणून खालची जागा हातची जात नाही. तेव्हा ‘मिळेल का’ असा विचार करून क्रम लावायचा नाही, ‘दोन्ही मिळाली तर कुठे जाईन’ एवढेच विचारायचे. आणि जिथे मिळाले तरी जाणार नाही, ते नाव लिहायचेच नाही. नाव न लिहिणे हाच खरा निर्णय असतो. आम्ही तो वहीत रेघ ओढून करून टाकला होता, आणि आम्हाला ते कळलेही नव्हते.

दादी म्हणाल्या, इस्तिखारा करा, मग लिहा. मुलीने दोन रकात नमाज पढली, दुआ मागितली आणि सकाळी म्हणाली की मन हलके आहे, यादी तीच राहू दे. दादींना वाटले होते स्वप्नात केईएम दिसेल.

शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रडतखडत चालत होते. एकेक नाव ती वाचत होती आणि आम्ही वहीवर खूण करत होतो. अंबाजोगाई आले तेव्हा तिने थांबून आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, लिही. मग अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, नंदुरबार, धाराशिव, परभणी. आमच्या रेघेखालची नावेही सगळी गेली.

पहिल्या फेरीची यादी लागली. मुंबई नाही, पुणे नाही, मिरज नाही. अंबाजोगाई.

मागाहून आम्ही याद्या तपासल्या. अलिबाग तिच्या क्रमांकाच्या बरेच वर बंद झाले होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही. अलिबाग आधी की अंबाजोगाई आधी यावर आम्ही चार रात्री भांडलो, त्याला काही अर्थच नव्हता. पण वहीतली आमची ती पहिली यादी भरली असती तर त्या फेरीत तिच्या नावापुढे काहीच आले नसते.

सीएसएमटीहून रात्री लातूर एक्स्प्रेस, सकाळी लातूर, पुढे एसटी. आम्ही दोघे आणि ती, सोबत एक पत्र्याची ट्रंक. कागदपत्रे तपासून झाली, फी भरली. ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरायचा का, असे तिथल्या लिपिकाने विचारले. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव निघते, न भरला तर यादीतली वरची जागा मिळाल्यास ही आपोआप सुटते. आमच्या जिवात मुंबई अजून होतीच. तिने न भरता अर्ज परत दिला आणि म्हणाली, वर जे लिहिले आहे ते मीच लिहिले आहे, मिळाले तर जाईन. दुसऱ्या फेरीत काही बदलले नाही. तिसऱ्या फेरीआधी तिने तो अर्ज स्वतः भरला. आम्हाला फोन दुसऱ्या दिवशी केला.

दादी रोज इशानंतर फोन मागतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, आज भात होता की भाकरी. दुसरा प्रश्न परवापासून बदलला आहे. त्यांच्या गुडघ्याचे काय करायचे, ते त्या आता तिलाच विचारतात, आणि ती सांगते की दादी, अजून हाडांची नावेच पाठ करतेय.